एकाच गल्लीत राहूनही न भेटलेली माणसं

प्रश्न असा आहे: वीस-तीस, कधी पन्नास वर्षं चाललेल्या मालिकांमध्ये अशी कोणती जुनी, महत्त्वाची पात्रं आहेत जी एकमेकांसमोर जवळजवळ आलीच नाहीत? आणि हे ठरवून होतं की आपोआप?

दैनंदिन मालिकांच्या कथाविस्तारात आणि पटकथेत मी बावीस वर्षं काढली. त्यातली निम्मी वर्षं माझ्याकडे एक काम कायम होतं: कोण कोणाला कधी भेटलं, काय बोललं, कोणाला कोणाबद्दल काय ठाऊक आहे, याची वही सांभाळणं. म्हणून या प्रश्नाबद्दल मला मनापासून आस्था आहे. आधी नावं सांगते, कारणं मग.

माझ्या यादीत पहिली जोडी ‘ईस्टएंडर्स’मधल्या डेन वॉट्स आणि ग्रँट मिचेल यांची. लंडनच्या एका चौकाभोवती फिरणारी ही बीबीसीची मालिका १९ फेब्रुवारी १९८५ला सुरू झाली. चौकातल्या ‘क्वीन व्हिक’ या पबचा पहिला मालक म्हणजे डेन, आणि शॅरन ही त्याची दत्तक मुलगी. १९८९च्या फेब्रुवारीत कालव्याकाठी डेनवर गोळी झाडली गेली आणि तो गेला असं सगळ्यांनी धरलं. बरोबर वर्षभराने, फेब्रुवारी १९९०मध्ये, फिल आणि ग्रँट हे मिचेल बंधू चौकात आले. ग्रँटने १९९१मध्ये शॅरनशी लग्न केलं. पुढे शॅरन आणि फिलचं प्रकरण झालं. १९९४मध्ये त्याची कबुली असलेली टेप भरलेल्या पबमध्ये वाजली, आणि ते कथानक आजही त्या मालिकेच्या सर्वांत गाजलेल्या कथानकांत गणलं जातं. ग्रँट १९९९मध्ये निघून गेला. डेन जिवंत परतला २९ सप्टेंबर २००३ला. १८ फेब्रुवारी २००५ला तो खरोखर मेला आणि त्याच पबच्या तळघरात पुरला गेला. ग्रँट परत आला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

या तारखा एकाखाली एक मांडून बघा. मालिकेच्या इतिहासातला सर्वांत वजनदार सासरा आणि सर्वांत वजनदार जावई. दोघांनीही तोच पब चालवला, तीच मुलगी दोघांच्या आयुष्याच्या केंद्रस्थानी होती, आणि तरी दोघांचं एकत्र दृश्य एकही नाही. कमी नव्हे, शून्य.

फिलची गोष्ट याहून चटका लावणारी आहे, कारण तिथे भेट झाली. डेन परतला तेव्हा फिल चौकातच होता. आपल्या मुलीचं घर मोडणाऱ्या माणसाला डेनने सशस्त्र दरोड्याच्या प्रकरणात अडकवलं, फिलला अटक झाली, आणि ऑक्टोबर २००३च्या अखेरीस फिल मालिकेतून बाहेर पडला. तो पुन्हा दिसला तेव्हा डेन मेलेला होता. म्हणजे दोघांच्या वाट्याला जेमतेम महिनाभराचा काळ आला. लेखक म्हणून मी त्या महिन्याकडे बघते तेव्हा मला त्या टेबलावर बसलेल्या माणसांची घाई जाणवते. एक कलाकार बाहेर पडणार आहे, दुसरा नुकताच आला आहे, मध्ये मोजके भाग आहेत. त्यांनी त्या महिन्यात जे करता येण्यासारखं होतं ते केलं: भेटीलाच फिलच्या जाण्याचं कारण बनवलं. याहून चांगला उपाय मला तरी सुचला नसता.

अशा जोड्यांना मी ‘देणं राहिलेल्या जोड्या’ म्हणते: ज्यांच्यात काहीतरी महत्त्वाचं सामाईक आहे, पण ज्यांची भेट झालीच नाही किंवा अपुरी राहिली. हा फरक आधी स्पष्ट करायला हवा, कारण नुसतं ‘कोण कोणाला भेटलं नाही’ असं विचारलं तर उत्तर फार मोठं आणि फार कंटाळवाणं निघतं.

हिशेब साधा आहे. मालिकेत बारा पात्रं असतील तर त्यांच्या जोड्या होतात ६६. तीस पात्रं असतील तर ४३५. साठ असतील, आणि मोठ्या मालिकांत साठ सहज असतात, तर १७७०. आता अर्ध्या तासाचा एक भाग घ्या. जाहिराती वजा जाता आमच्या हाती बावीस मिनिटं यायची. त्यात चौदा-पंधरा सीन, त्यातले बहुतेक दोघांचे किंवा तिघांचे. त्या दिवशी चालू असलेले ट्रॅक, म्हणजे कथानकाचे धागे, तीन, फार तर चार. मुख्य ट्रॅकमधली तीच ती पाच-सहा माणसं सात-आठ सीन खाऊन टाकतात. उरलेल्या सीनमध्ये बाकीच्या गावाने मावायचं. म्हणजे १७७० जोड्यांपैकी बहुसंख्य जोड्या वर्षभर एकमेकांशी एक शब्दही न बोलणं हीच स्वाभाविक स्थिती आहे. भेट हाच अपवाद. भेट घडवायला कोणाला तरी बसून कारण शोधावं लागतं. न भेटण्यासाठी काहीच करावं लागत नाही.

भागाची लांबी वाढते तशी ही अडचणही वाढते. अमेरिकेतली ‘गाइडिंग लाइट’ १९३७मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२मध्ये टीव्हीवर आली आणि २००९मध्ये बंद झाली. टीव्हीवर तिचा भाग आधी पंधरा मिनिटांचा होता, १९६८मध्ये अर्ध्या तासाचा झाला आणि १९७७मध्ये तासाचा. पंधरा मिनिटांत एक-दोन घरं आणि मोजकी माणसं असतात, त्यामुळे सगळे सगळ्यांना भेटतात. तासाभराच्या मालिकेत घरांचे गट पडतात. एका घराची माणसं आपापल्या सेटवर, दुसऱ्या घराची आपल्या. शूटिंगही तसंच लागतं: आज हा दिवाणखाना, उद्या तो दवाखाना. आठवड्याचे भाग वाढले की दोन-दोन युनिट एकाच वेळी चालतात, आणि एका युनिटकडे गेलेला कलाकार दुसऱ्या युनिटच्या कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवशी कोणी यायचं त्या यादीवर, येऊच शकत नाही. ब्रिटनमधली ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ सुरुवातीची जवळपास तीन दशकं आठवड्याला दोनच भाग दाखवत असे. १९८९मध्ये तिसरा भाग आला आणि २०१७पर्यंत संख्या सहावर गेली. भाग वाढले म्हणून भेटी वाढतील असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. भाग वाढले की गट घट्ट होतात.

मग कोण भेटतं? ज्यांना एक काउंटर सामाईक असतो ते. याला मी फार महत्त्व देते. ‘कॉरोनेशन स्ट्रीट’मध्ये रीटा आणि मेव्हिस यांचे इतके सीन आहेत, कारण दोघी ‘द कॅबिन’ या वृत्तपत्रांच्या दुकानात दोन दशकांहून अधिक काळ एकत्र काम करत होत्या. ‘ईस्टएंडर्स’मध्ये डॉट आणि पॉलिन लाँड्रीत एकत्र होत्या. त्यांना भेटण्यासाठी कथानकात काही घडावं लागत नसे. कपड्यांचा ढीग पुरे होता. पबची मालकीण, डॉक्टर, दुकानदार ही पात्रं लेखकाच्या हातात आयती किल्ली देतात, कारण त्यांच्याकडे कोणीही, कधीही, कसल्याही कारणाने जाऊ शकतं. ‘नेबर्स’ या ऑस्ट्रेलियन मालिकेतला कार्ल केनेडी डॉक्टर आहे हे काही योगायोगाने झालेलं नाही. याउलट जे पात्र घरून काम करतं, किंवा शहरात नोकरीला जातं आणि संध्याकाळी परततं, ते आपोआप एकटं पडत जातं. नवीन पात्राचा व्यवसाय ठरवताना मी नेहमी विचारायचे: याच्याकडे कोण येणार आहे?

दुसरा हमखास उपाय म्हणजे वैर. ‘कॉरोनेशन स्ट्रीट’मधल्या केन बार्लो आणि माइक बाल्डविन यांचे जगण्याचे रस्ते अगदी वेगळे. एक शिकलेला, विचार करणारा, दुसरा कारखानदार. त्यांना रोज भेटवायला काहीच कारण नव्हतं. १९८३मध्ये केनची बायको डीअर्ड्री माइकच्या प्रेमात पडली आणि पुढची तेवीस वर्षं कारणच कारण मिळालं. माइकने नंतर केनच्या मुलीशी, सुझनशी, लग्न केलं. त्यांचा मुलगा अ‍ॅडम म्हणजे एकाचा मुलगा आणि दुसऱ्याचा नातू. २००६मध्ये माइकने रस्त्यावर प्राण सोडला तो केनच्या हातांत. मी ही जोडी मुद्दाम सांगते आहे. जी पात्रं कमी भेटली त्यांच्याकडे बघताना जी भेटत राहिली त्यांना काय जोडत होतं हे दिसलं पाहिजे.

आता माझ्या आवडीच्या जोडीकडे येते.

त्याच मालिकेत २ डिसेंबर १९६४च्या भागात रीटा नावाची एक नर्तकी आली. एल्सी टॅनरचा मुलगा डेनिस याची ती मैत्रीण; त्याने तिला घरी आणलं. एका भागापुरतं काम, भाग संपला आणि ती गेली. डेनिस १९६८मध्ये मालिकेतून गेला. रीटा परत आली १९७२मध्ये, तीच अभिनेत्री, बार्बरा नॉक्स, आणि मग ती गेलीच नाही. दुकान चालवलं, लग्नं केली, वैधव्य सोसलं, त्या रस्त्यावरची सर्वांत ओळखीची बाई झाली. डेनिस परतला २०११मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, तोही मूळच्याच कलाकारासह, फिलिप लॉरीसह. इतक्या मोठ्या खंडानंतर तीच भूमिका करण्याचा गिनीज विक्रम तेव्हा त्यांच्या नावावर झाला होता. पण माझ्या वहीच्या दृष्टीने खरा आकडा वेगळा. रीटा आणि डेनिस एकमेकांसमोर आले होते १९६४मध्ये, आणि नंतर थेट २०११मध्ये. मधली शेहेचाळीस वर्षं आणि काही महिने दोघांचा एकही सीन नाही. या वेळी डेनिस बेघर अवस्थेत रीटाला सापडला. पुढे त्यांनी लग्न केलं.

हे लिहिणाऱ्यांनी नेमकं काय केलं ते बघा. एका भागातली ओळख. कोणाच्या स्मरणात नसेल असं म्हणून सहज सोडून देता आली असती. त्यांनी ती सोडली नाही. साठीच्या दशकातल्या एका साध्या नोंदीवर त्यांनी दोन वृद्ध माणसांचं प्रेम उभं केलं. ज्या प्रेक्षकाने १९६४चा भाग पाहिला असेल त्याला त्या भेटीत स्वतःचं आयुष्य दिसलं असणार. आणि ज्याने पाहिला नसेल त्यालाही कळतं की ही माणसं एकमेकांना तरुणपणी ओळखत होती, कारण तसं ते बोलतात. विरळ भेटीचं एवढं मोठं फळ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

बापलेकांचीही अशी एक जोडी तिथेच आहे. केन बार्लो हा ९ डिसेंबर १९६०च्या पहिल्या भागापासूनचा माणूस. त्याची पहिली बायको व्हॅलरी जानेवारी १९७१मध्ये बिघडलेल्या हेअर ड्रायरच्या विजेच्या धक्क्याने गेली. जुळी मुलं, पीटर आणि सुझन, त्या वेळी पाच वर्षांची होती. त्यांना स्कॉटलंडला आजी-आजोबांकडे पाठवून दिलं गेलं. लहान मुलांचं शूटिंग किती अवघड असतं हे मला ठाऊक आहे. तास मर्यादित, पाठांतर अनिश्चित, सोबत पालक हवेत, शाळा सांभाळायची. पडद्यावरची मुलं दूरच्या नातेवाइकांकडे जातात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. पण परिणाम असा झाला की केनसारखा संवेदनशील, सतत नीतीबद्दल बोलणारा माणूस आपल्याच मुलांसोबत वर्षानुवर्षं दिसला नाही. पीटर अधूनमधून आला, वेगवेगळ्या कलाकारांच्या रूपात. २०००मध्ये क्रिस गॅस्कॉइन यांच्या रूपात तो स्थिरावला तेव्हा लेखकांनी त्या रिकाम्या जागेलाच विषय केलं: ‘तू तेव्हा कुठे होतास’ हा मुलाच्या मनातला प्रश्न. निर्मितीच्या सोयीसाठी पडलेली पोकळी तीस वर्षांनी त्या बापाचा दोष झाली. याला मी उत्तम काम म्हणते.

काही जोड्या केवळ थोडक्यात हुकलेल्या असतात. एना शार्पल्स, मिनी कॉल्डवेल आणि मार्था लाँगहर्स्ट या तिघी ‘रोव्हर्स रिटर्न’ पबच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसायच्या. मार्था तिथेच बसल्या जागी मे १९६४मध्ये गेली. हिल्डा ऑग्डेन त्या रस्त्यावर राहायला आली जुलैमध्ये. लोकांच्या आठवणीत या दोघी एकाच काळातल्या, एकाच भिंतीवरच्या तसबिरींसारख्या आहेत. भेट नाही. ‘नेबर्स’मध्ये पॉल रॉबिन्सन १९८५च्या पहिल्या भागापासून, केनेडी कुटुंब १९९४पासून. दोन्ही नावं घेतल्याशिवाय त्या मालिकेबद्दल बोलता येत नाही. पण पॉल १९९३नंतर थेट २००४मध्ये आला, म्हणजे केनेडींच्या पहिल्या दहा वर्षांत तो नव्हताच. पुढे त्यांनी भरपूर वर्षं एकत्र काढली म्हणून हा खंड आता कोणाच्या लक्षात येत नाही.

एकाच कलाकाराने दोन भूमिका केल्या असतील तर गोष्ट पूर्ण वेगळी होते. ‘ऑल माय चिल्ड्रन’ या अमेरिकन मालिकेत अ‍ॅडम आणि स्टुअर्ट चँडलर हे जुळे भाऊ डेव्हिड कॅनरी यांनी केले. अ‍ॅडम करारी, सत्तेचा भुकेला. स्टुअर्ट मऊ, निष्पाप. या कामासाठी त्यांना पाच डेटाइम एमी, म्हणजे दिवसा दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांसाठीचे अमेरिकन पुरस्कार, मिळाले. दोघं भाऊ एकाच हवेलीत राहायचे, पण त्यांना समोरासमोर आणणं म्हणजे काय असतं ते सांगते. कॅमेरा एका जागी जखडायचा, तो तसूभरही हलता कामा नये. आधी एका भावाची बाजू. समोर पाठमोरा डमी, तो संवादाची वेळ देतो. मग कपडे, केस, चेहऱ्यावरचा भाव, उभं राहण्याची ढब बदलायची आणि दुसऱ्या भावाची बाजू. नजर मघाच्या जागीच पडली पाहिजे. दोन पानांच्या सीनला अर्धा दिवस जातो. रोज एक भाग बाहेर काढायचा असतो तिथे निर्माता असे सीन मोजून देतो. म्हणून असे जुळे घरात एकमेकांना सतत चुकवताना दिसतात: एक आत्ताच बाहेर गेला, दुसरा आत्ताच आला. ‘डेज ऑफ अवर लाइव्ज’मध्ये आयलीन डेव्हिडसन यांनी १९९०च्या दशकात क्रिस्टन, तिच्यासारखी दिसणारी सुझन बँक्स आणि सुझनच्या भावंडांसह एकूण पाच भूमिका केल्या. त्या पाच जणांच्या आपसातल्या प्रत्येक सीनमागे केवढे कष्ट आहेत हे माहीत असलं की तो सीन बघण्याची नजरच बदलते.

करारांचा भाग प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. कलाकाराला आठवड्याला किती भागांची हमी आहे यावर तो कोणाला भेटणार हे ठरतं. हमी कमी असलेल्या कलाकाराला लेखक त्याच्या जवळच्या दोन माणसांपुरताच वापरतात. याहून अजब कलमंही असतात. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’मध्ये १९६०पासून लिसा साकारणाऱ्या आयलीन फुल्टन यांच्या करारात एक कलम होतं: त्यांच्या पात्राला आजी करायचं नाही. त्या क्षेत्रात ते ‘आजीचं कलम’ म्हणून प्रसिद्ध झालं. एका ओळीने आख्खं एक नातं, आणि त्या नात्याचे सगळे संभाव्य सीन, कथेतून बाद.

वय हे त्याहून मोठं कारण, आणि त्याबद्दल बोलताना मला जरा सांभाळून बोलावंसं वाटतं. ‘डेज ऑफ अवर लाइव्ज’मधली अ‍ॅलिस हॉर्टन फ्रान्सिस रीड यांनी ८ नोव्हेंबर १९६५च्या पहिल्या भागापासून केली आणि २००७पर्यंत त्या दिसत होत्या. शेवटच्या काही वर्षांत त्या क्वचितच यायच्या. मग नव्या पिढीच्या पात्रांनी त्यांना भेटायचं कधी? त्या मालिकेत हॉर्टन कुटुंबाची नाताळची एक प्रथा आहे: घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा गोळा झाडावर लावायचा. अशी प्रथा लेखकासाठी सोनं असते. वर्षातून एक दिवस सगळी पात्रं एका खोलीत येतात, कोणालाही मोठा संवाद द्यावा लागत नाही, ज्येष्ठ कलाकार खुर्चीत बसून राहिला तरी सीनचं केंद्र तोच असतो. मी माझ्या प्रत्येक मालिकेत सुरुवातीलाच अशी एखादी घरगुती प्रथा पेरायचा आग्रह धरायचे. पहिल्या वर्षी चॅनलला ती निरर्थक वाटते. सातव्या वर्षी तीच आधार देते.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट. एका मालिकेत सहा वर्षं दोन स्त्री-पात्रं होती. एक घरातली वडीलधारी बाई, दुसरी तिच्या मुलाच्या भागीदाराची बायको. दोघी लोकप्रिय, दोघींचे ट्रॅक वेगळे. एका वळणावर या दोघींनी दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसायचं ठरलं. मी पटकथा पाठवली. रात्री साडेअकराला संवादलेखकाचा फोन. “ताई, या दोघी एकमेकींना काय म्हणतात?”

मला उत्तर देता आलं नाही. सहा वर्षांत हा प्रश्न कधी आलाच नव्हता. अहो की अगं, काकू की वहिनी की नुसतं नाव, काहीच ठरलेलं नव्हतं. आपल्या भाषेत हे ठरल्याशिवाय एक वाक्य पुढे सरकत नाही. मी रात्री वही काढली. एकत्र उपस्थिती अकरा वेळा: लग्न, बारसं, तेरावं, गर्दीचे सीन. बोलणं एकदाच, चौथ्या वर्षी, एका लग्नात. सीनमधला थांबा भरायला सेटवर कोणीतरी त्या तरुण पात्राच्या तोंडी घातलं होतं: “काकू, बसा ना.” तीन शब्द. तेच आम्ही प्रमाण मानलं.

सीन चार वेळा लिहिला. पहिल्या तीन मसुद्यांत एकच चूक होती, आणि ती चूक अशा प्रत्येक भेटीत होते. प्रेक्षकाला दोघींबद्दल सगळं ठाऊक असतं. त्या दोघींना एकमेकींबद्दल काही ठाऊक नसतं. मग लेखक त्यांना एकमेकींची माहिती द्यायला लावतो, आणि प्रेक्षक आधीच पाहिलेलं पुन्हा ऐकत बसतो. चौथ्या मसुद्यात आम्ही माहिती काढून टाकली. म्हातारीला औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचता येत नव्हती, एवढंच ठेवलं. दुसरीने ते वाचून दाखवलं, दोनदा, सावकाश. म्हातारी म्हणाली, “तुझा आवाज मी नेहमी दाराआडूनच ऐकला.” त्या वाक्याने सहा वर्षांचा हिशेब चुकता झाला. दोन्ही अभिनेत्री त्या दिवशी सीन संपल्यावर बराच वेळ त्या बाकावरून उठल्या नाहीत.

कलाकारांच्या भांडणामुळे पात्रं वेगळी ठेवली जातात का, असंही विचारलं जातं. होतं असं. माझ्या बावीस वर्षांत दोनदा झालं. त्या काळात आम्ही फोनवरचे सीन लिहिले, दोघांचं शूट वेगवेगळ्या दिवशी झालं, आणि प्रेक्षकाला काही कळलं नाही. पण विरळ जोडी दिसली की लगेच पडद्यामागचं वैर शोधणं अन्यायाचं आहे. बहुतेक वेळा कारण इतकं नीरस असतं की ते सांगायचं कोणाला सुचतच नाही: एकाच्या डेट्स सोमवार ते बुधवार, दुसऱ्याच्या गुरुवार ते शनिवार. कोणत्याही खऱ्या कलाकारांबद्दल असा तर्क करण्याआधी निदान ते कोणत्या घरातले, कोणत्या सेटवरचे, कोणत्या वर्षांतले होते हे तपासा.

काही वेळा निर्माते उलट टोकाला जातात आणि आख्खा भाग दोघांनाच देतात. ‘ईस्टएंडर्स’ने १९८६मध्ये डेन आणि त्याची बायको अँजी यांचा, आणि १९८७मध्ये डॉट आणि तिची मैत्रीण एथेल यांचा असा भाग केला. ३१ जानेवारी २००८ला तर संपूर्ण भागात डॉट एकटीच होती. आजारी नवऱ्यासाठी ती टेपरेकॉर्डरवर बोलत राहते. जून ब्राउन यांनी तो अर्धा तास एकटीने पेलला. अशा भागांनी पुढच्या कित्येक वर्षांची पायाभरणी होते. डॉट आणि एथेल एकदा बसून मनमोकळं बोलल्या की नंतर त्यांच्या दोन ओळींच्या सीनलाही खोली येते. कमी भेटणाऱ्या जोडीला नेमकं हेच मिळालेलं नसतं.

कोणाला स्वतःच्या आवडत्या मालिकेसाठी अशी यादी करायची असेल तर माझी पद्धत सांगते. आधी प्रत्येक पात्राच्या येण्या-जाण्याच्या तारखा लिहा, मधल्या खंडांसकट. आठवण इथे सर्वांत जास्त फसवते. लोकप्रिय पात्रं आपल्या मनात एकाच काळात राहायला येतात. मग उपस्थिती आणि संवाद हे दोन वेगळे रकाने करा. लग्न, अंत्यविधी, वाढदिवस, पबमधली गर्दी हे उपस्थितीत जाईल, संवादात नाही. फोनसाठी तिसरा रकाना. मी फोनला अर्धा सीन धरते, कारण दोन कलाकार एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत. स्वप्नं, भास आणि मेलेल्याचं भूत वेगळं ठेवा. ते एकाच पात्राच्या मनात घडत असतं. आणि शेवटचा रकाना मी सांगितलेल्या देण्याचा: या दोघांमध्ये एखादं माणूस, घर, मूल किंवा गुन्हा सामाईक आहे का?

बहुतेक जोड्यांसमोर तो रकाना रिकामा राहील, आणि त्या जोड्या खुशाल सोडून द्या. जिथे तो भरलेला आहे आणि संवादाचा रकाना रिकामा, तिथे थांबा. डेन आणि ग्रँट यांच्यासमोर त्यात मुलगी येते, पब येतो, आणि फेब्रुवारी २००५ ते ऑक्टोबर २००५ असा केवळ आठ महिन्यांचा चुकलेला वेळ येतो.